चाचींची पत्रिकांची शाळा

चाची पोरांच्या पुस्तकात कधी डोकावायच्या नाहीत. डोळे सुईवर, पाय शिलाई मशीनवर आणि कान वाचणाऱ्याकडे. चूक झाली की मशीन थांबायचं. ओरडणं नाही, टोकणं नाही. पोरगं ओळ पुन्हा वाचायचं आणि बरोबर आलं की मशीन सुरू.

शेवगाव तालुक्यातलं चाचींचं गाव. निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोपरगावकडे जातात, ती उन्हाळ्यातच परततात. म्हणजे दिवाळीनंतर शाळा उघडी तेव्हा पोरं उसाच्या फडात, आणि उन्हाळ्यात पोरं परततात तेव्हा शाळेला कुलूप! हे वेळापत्रक कुणाच्या सोयीचं, असं मी आमच्या संघटनेच्या प्रत्येक पत्रकात विचारत आले. सुट्टीत शाळेची एक खोली उघडून द्या, असा अर्जही केला. उत्तर आलं, "सर्व विद्यार्थ्यांना वाचता येते, सबब उन्हाळी वर्गाची आवश्यकता नाही." कागदावर सगळी पोरं वाचत होती. सहावीत चाललेल्या सुनीताला स्वतःचं नाव ओळखता येत नव्हतं.

खोली शेवटी चाचींनी दिली, स्वतःच्या घरातली. मी रंगीत तक्ते घेऊन गेले, तर म्हणाल्या, "भितीला लाव, छान दिसंल. वाचायला पत्रिका घे." लग्नसराईत ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाया पिशवीत लग्नाच्या पत्रिकाही ठेवून जायच्या, चाचींकडे ढीग साठलेला. मी नाक मुरडलं.

"अगं, तुझ्या तक्त्यात बदक हाय. बदक कुनाच्या लग्नाला येतं का? पत्रिकेत यांचे मामे हायत, आत्या हायत."

सुनीताच्या हाती त्यांनी तिच्याच मामाची पत्रिका दिली. "खाली बारक्या पोरांची नावं असत्यात. तुझं छापलंय का बघ. नसलं तर जाऊ नको लग्नाला." पोरगी तीन दिवस त्या कागदाला चिकटून बसली. चौथ्या दिवशी किंचाळली, "हाय! हाय की माझं!"

तिला घाई होती. वडील स्पष्ट म्हणाले होते, "शाळा सुरू व्हायच्या आत वाचाया आलं तर ठेवतो गावात. न्हाईतर चल फडावर, बारक्याला सांभाळ." जूनमध्ये तिनं त्यांच्यासमोर अख्खी पत्रिका वाचली. अडखळत, पण वाचली. वडील हसले. "पन ठेवू कुनाकडं? म्हातारीबी येती आमच्यासंगं."

"माझ्याकडं," चाची म्हणाल्या आणि दोरा ओवू लागल्या.

दोन हंगाम सुनीता त्यांच्याकडे राहिली. मी वसतिगृहासाठी अर्जांवर अर्ज टाकत होते. चाची म्हणायच्या, "तुझा अर्ज कचेरीत पोचस्तवर हिची पोरं शाळंत जातील गं." मला राग यायचा. चाचींचा नाही, त्या बोलत ते खरं होतं याचा.

गेल्या पावसाळ्यात आठवडाभराच्या तापानं चाची गेल्या. दिवाळी झाली, ट्रक आला, आणि सुनीता भांड्यांच्या पोत्यावर बसलेली दिसली. मी तिच्या वडिलांना भर रस्त्यात धरलं. आठवीतली पोरगी, वाचणारी पोरगी, नेताच कशी?

ते चिडले नाहीत. "वाचती, मला काय म्हाईत न्हाई व्हय? एकटी कुठं ठेवू? तुमी ठेवता का, ताई?"

नगरला माझी भाड्याची खोली आहे. हातात पत्रकांचा गठ्ठा होता. मी तो दुसऱ्या हातात घेतला. तोवर ट्रक सुटला.