लवंग टोचलेला लाडू

आधी लाडू पडला. मग उंदीर.

एकाच खिडकीतून. माझ्या पाटीत. लाडू पळसाच्या पानात बांधलेला, उंदीर धोतराच्या फाटक्या फडक्यात. दोन्ही केरावर शेजारी शेजारी पडले. वरून मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "लाडू तुला. ते दुसरं खाली दाब, वर केर घाल. विचारलं कुणी तर म्हण, तुमच्या ओळीत सापडला. तुमच्याकडं काय, रोजचंच असेल."

आणि हसल्या. वाईट हसल्या असंही नाही. घरच्या गड्याला काम सांगून हसतात तशा.

तो लाडू मी खाल्ला. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बऱ्याच जणांवर थुंकणार आहे, तेव्हा पहिली थुंकी माझ्यावरच पडू द्या. बोळ संपते तिथं आडोशाला बसले आणि खाल्ला. बुंदीचा, साजूक तुपातला, मूठभर मोठा, वर लवंग टोचलेली. असा लाडू उभ्या जन्मात हातात आला नव्हता. पाटी शेजारी. पाटीत तो उंदीर. हाताला केराचा वास. तरी खाल्ला, बोटं चाटली, लवंग दाढेखाली धरून ठेवली. शी! आज म्हातारी झाले तरी सांगताना घशाशी येतं.

मी तेव्हा सतरा-अठराची असेन. शिरपूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन धुळ्याला आले होते. नवरा मुन्शिपाल्टीच्या कचऱ्याच्या गाडीवर, राहायला झाडणाऱ्यांच्या खोल्यांची ओळ. सासूला बठ्ठी, सगळी वस्ती अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायचे. पाचवी गल्ली अक्कानं जन्मभर झाडली होती. तिचे गुडघे गेले आणि खराटा माझ्या हातात आला. पुढून मोठा रस्ता, मागून बोळ. आमचा रस्ता मागचा. वरच्या खिडक्यांतून भाजीची देठं, केस, राख, पोरांची घाण, सगळं खाली यायचं. मी झाडून पुढं सरकले की मागं पुन्हा पडायचं. "जरा थांबा, मला जाऊ द्या" असं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. एकदा डोक्यावर खरकटं पाणी पडलं, मी वर बघितलं, तर वरचीच म्हणाली, "दिसत नाही का गं, बाजूला व्हायला?"

तेव्हा गावात प्लेग होता. घरात उंदीर पडला की ते घर उठवायचं, असा हुकूम. दारावर गेरूचा गोल काढायचे. कौलं उतरवून ऊन आत सोडायचे, चुना मारायचे, अंथरुणं जाळायचे, आणि घरच्यांना पांझरा नदीपलीकडं माळावर पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकायचे. मेलेला उंदीर झाडणाऱ्यानं नाक्यावरच्या चौकीत इन्स्पेक्टरला दाखवायचा आणि कुठं सापडला ते सांगायचं. म्हणजे कुणाचं घर राहणार आणि कुणाचं उठणार ते माझ्या तोंडावर होतं. मला ते कळलं नाही. तोंडात लाडू होता.

घर आबासाहेबांचं, मोठ्या बाई त्या घरच्या मालकीणबाई. कापसाचे व्यापारी, मुन्शिपाल्टीत निवडून गेलेले. शहराच्या सफाईचा कारभारही त्यांच्याच हातात. आठवड्यावर मुलीचं लग्न आलेलं. दारात मांडव, माजघरात लाडवांच्या पराती. दारावर गेरूचा गोल निघाला असता तर एक पाहुणा फिरकला नसता. म्हणून उंदीर खिडकीतून खाली आला.

चौकीत इन्स्पेक्टर वही उघडून बसला होता. नाकाला रुमाल.

"कुठं?"

"आमच्या ओळीत."

"खोली कुणाची?"

हा प्रश्न येईल हे मला कुठं ठाऊक होतं! दुसऱ्या कुणाचं नाव कसं घेऊ? म्हटलं, "आमचीच."

त्यानं लिहिलं. मान वर केली नाही. पाचव्या गल्लीतला म्हटलं असतं तर दहा प्रश्न झाले असते, दोन साक्षीदार लागले असते. आमची ओळ म्हटल्यावर एकही प्रश्न नाही. शाईची डबी सरकवली, म्हणाला, "अंगठा." मी दिला. दाढेत अजून लवंग होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली. आमच्या खोलीचीच नाही, सगळ्या ओळीची कौलं उतरवली. चुली फोडल्या. गोधड्यांचा ढीग करून रॉकेल ओतलं. त्यात अक्काची गोधडी होती. सासऱ्याचं धोतर, नवऱ्याच्या लहानपणच्या टोप्या, तिची मेलेली पोर जिच्यावर निजायची ते लुगडं, असं सगळं आत शिवलेलं. अक्का त्या माणसाच्या पायाशी बसली. त्यानं काठीनं गोधडी पुढं ढकलली. हात लावला नाही, काठीनं. मी बघत उभी राहिले. एक शब्द बोलले असते तर ती काठी थांबली असती. नाही बोलले. भ्याले म्हणा, लाजले म्हणा. दोन्ही.

मग माळावर. दिवस थंडीचे, खाली ओली जमीन, वर पत्रा. प्लेगची माणसं म्हणून गावाबाहेर काढलं, पण गाव झाडायला मात्र आम्हीच हवे! रोज सकाळी नदी उतरून झाडायला जायचं आणि कामं आटोपली की परत शेडमध्ये. आमच्या हातचा केर त्यांना चालत होता. आमचं राहणं तेवढं चालत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आबासाहेब शेडवर आले. सोबत मुकादम आणि इन्स्पेक्टर. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहिले, म्हणजे आमचा वास येऊ नये. आम्हाला उन्हात ओळीनं बसवलं आणि बोलले. त्यातलं एक वाक्य मी अजून विसरले नाही. "तुम्हाला स्वच्छता शिकवून शिकवून आमचे दात पडले, पण तुमची घाण काही जात नाही. तुमच्यापायी सगळं शहर मरेल एक दिवस."

मी समोर बसले होते. त्यांच्याच घरातला उंदीर माझ्या नावावर लिहिलेला. आतून उमाळा आला, ओकारीचा. तोंडावर पदर दाबला. ते मुकादमाला म्हणाले, "बघ, लाजल्या तरी."

ते गेल्यावर अक्कानं इन्स्पेक्टरला थांबवलं. हात जोडून विचारलं, "साहेब, आपला घरमा उंदीर देखा कोनी?"

तो म्हणाला, "तुझ्याच सुनेनं आणून दाखवला."

अक्का खोकत खोकत माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याकडं बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं. खिडकी, फडकं, लाडू, अंगठा. वाटलं, मारेल. झिंज्या धरेल. बरं झालं असतं धरल्या असत्या तर. तिनं एवढंच विचारलं.

"लाडू गोड व्हता का वं?"

बस्स. तोंड फिरवून आडवी झाली. अंगावर गोणपाट. पाठ माझ्याकडं. मी त्या पाठीकडं बघत बसले आणि पहिल्यांदा मला माझी किळस आली. कचऱ्याची मला कधी आली नाही, कचरा कचराच असतो. मी त्यांची घाण नुसती उचलली नव्हती, माझी म्हणून अंगावर घेतली होती. लाडवासाठी.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी बोळीत झाडत होते. पुढं सनई वाजत होती. खिडकी उघडली. पळसाच्या पानात बांधलेले दोन लाडू पाटीत पडले. मागोमाग फडकं.

"दाब खाली. तुझ्या आजारी सासूलाही एक घातलाय बघ," मोठ्या बाई म्हणाल्या. अक्का माळावर खोकतेय हे त्यांना माहीत होतं तर!

मी फडकं सोडलं. उंदीर फुगलेला, नाकाशी रक्त. मी वर बघितलं. म्हटलं, "मोठ्या बाई, तुमचं काहीतरी पडलं."

"हळू बोल गं!"

"खाली या. घेऊन जा."

खिडकी फटकन लागली. मग मी पाटी उचलली आणि मागच्या बोळीतून निघून पुढच्या रस्त्याला आले. त्या रस्त्यानं मी कधी चालले नव्हते. मांडवात फराळाची पंगत बसलेली. आबासाहेब फेटा बांधून, शेजारी इन्स्पेक्टर, पाहुणा म्हणून. मी मांडवाच्या तोंडाशी पाटी ठेवली. शेपटीला धरून उंदीर वर केला.

"आबासाहेब, तुमच्या खिडकीतून हा पडला. मागचाही तुमचाच होता."

सनई थांबली. आबासाहेब तटकन उभे राहिले. "खोटं बोलते! हिच्या ओळीत प्लेग आहे, तिथून आणलाय. हाकला रे हिला!"

इन्स्पेक्टर माझ्याकडं बघेना. तेव्हा मी दुसऱ्या हातानं लाडू काढला आणि उंदराशेजारी धरला. वर लवंग टोचलेली. समोर पाहुण्यांच्या पानांवर तेच लाडू, तीच लवंग.

म्हटलं, "हा आमच्या ओळीतला का हो?"

मग एक म्हातारे गृहस्थ पानावरून उठले. मग दुसरे. मग सगळाच मांडव उठला. जोडे कुणाचे कुणाच्या पायात गेले, बायका पोरांना बगलेत मारून पळाल्या. आतल्या दारात नवरी उभी होती, अकरा-बारा वर्षांची, हळदीची. तिचा काही गुन्हा नव्हता. तिचं मला वाईट वाटलं. अजून वाटतं. पण अक्काचा तरी काय गुन्हा होता?

आता कुणाला वाटेल, न्याय झाला. हट! दारावर गेरूचा गोल निघाला, तो चारचौघांत झालं म्हणून. घरची मंडळी शेडमध्ये नाही आली. आपल्या मळ्यातल्या बंगल्यात गेली, लग्न तिथं लागलं. त्यांची एक गादी जळाली नाही. मुकादमानं खराट्याच्या दांड्यानं माझी पाठ फोडली आणि कामावरून काढलं. मी रक्ताळल्या पाठीनं चौकीत गेले. म्हटलं, "वहीतलं ते आमच्या खोलीचं खोडा. आम्हाला घरी जाऊ द्या, म्हातारी मरेल." इन्स्पेक्टर म्हणाला, "लिहिलं ते लिहिलं. खाली तुझाच अंगठा आहे."

त्याचं तेवढं मात्र खरं होतं. अंगठा माझाच होता.

माळावर आले. अक्काला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोलनी का आते?" बोललीस का एकदाची, असं, आणि माझा हात ओढून उशाला घेतला. आठ दिवसांनी त्याच शेडमध्ये गेली. प्लेगनं नाही. ना गाठ, ना काही. थंडीनं गेली. ओळीवर कौलं चढली ती त्यानंतर.

पुढं साथ वाढली, झाडायला माणसं मिळेनात, तेव्हा मला मुकादमच बोलवायला आला. मी गेले. दुसरं काय करणार होते? पण पाचवी गल्ली झाडताना त्या दिवसापासून तोंड बंद ठेवलं नाही. वरून पडलं की मोठ्यानं सांगायची. "वकिलांच्या घरचं खरकटं पडलं हो! डाक्टरांच्या माडीवरून राख आली हो!" शिव्या खाल्ल्या. एकीनं वरून दगड टाकला. हळूहळू खिडक्यांतून पडायचं कमी झालं. त्यांना लाज वाटली असेल असं मला नाही वाटत. नावाची भीती वाटली.

हे सगळं आज सांगायचं कारण परवाची सभा. गोऱ्या साहेबाचं राज्य जाणार म्हणतात, आता आपलं येणार, म्हणून शहर चकाचक करायचं. मुन्शिपाल्टीच्या पटांगणात भाषणं झाली. नव्या झाडूंना झेंडूचे हार. पुढाऱ्यांनी दोन-दोन हात झाडलं, ती जागा मीच पहाटे झाडली होती. भाषणं ऐकता ऐकता लोकांनी पान खाऊन तिथंच पिंका टाकल्या, उसाची चिपाडं फेकली, पुड्यांचे कागद सोडले. मग आम्हा झाडणाऱ्यांना पुढं बोलावलं. एका कारकुनानं कागद वाचून दाखवला. आम्ही शपथ घेतो की शहर घाण राहू देणार नाही, राहिल्यास दोष आमचा.

शेजारी परात होती. अंगठा दिला की एकेकाला लाडू. बारकाच होता, लवंग नव्हती.

कारकून चांगला पोरगा. गोड बोलला. "या आजी, तुम्ही सगळ्यात जुन्या, पहिला मान तुमचा." शाईची डबी पुढं केली.

मी अंगठा मुठीत घेतला.

म्हटलं, "भाऊ, पिंका टाकणारे ते समोर बसलेत. डबी तिकडं ने."

तो हसला, त्याला थट्टा वाटली. म्हणाला, "आजी, नुसता कागद आहे हो."

चौकीतली तीही नुसती वहीच होती.

माझ्या मागं रांगेत तरण्या पोरी उभ्या होत्या. मी वळले, त्यांना सगळं सांगितलं, तिथंच, मोठ्यानं, पुढारी ऐकत असताना. उंदीर, लाडू, अक्काची गोधडी. काही पोरींनी अंगठा दिला, काहींनी नाही दिला. देणारीला मी बोल लावत नाही. मी पण दिला होता.

उद्या पहाटे ते पटांगण मीच झाडणार आहे. पिंका खरवडीन, चिपाडं उचलीन, हात चालतात तोवर उचलीन. पण माझं म्हणून नाही. तुमचं म्हणून उचलीन, तुमचं नाव घेऊन उचलीन. अंगठा मिळणार नाही.