भोंग्याची कविता

कॉलेजात आमचा एक कंपू होता. अभ्यास सोडून बाकी सगळं वाचायचं आणि कँटीनमागच्या खोलीत कवितांवरून तावातावाने भांडायचं, एवढाच आमचा उद्योग. नियम मात्र कडक. कविता ज्याची त्याने वाचायची नाही. कागद बिननावाचे द्यायचे आणि वाचायचे भोंग्याने. मग चिरफाड. लिहिणाऱ्याने तोंड शिवून बसायचं. "छान आहे" असं आम्ही फक्त पाहुण्यांना म्हणायचो. आपल्या माणसाला कुणी म्हटलं, तर तो बिचारा आठवडाभर तोंड पाडून फिरायचा.

भोंगा हे अर्थात टोपणनाव. आवाज असा खणखणीत, की माझ्या भिकार ओळीही त्याच्या तोंडी बऱ्या वाटायच्या. स्वतःची मात्र त्याने कधी एक ओळ दिली नाही. "मी आपला हमाल. तुमचं ओझं वाहतो," म्हणायचा. पुढे तो बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायला लागला आणि त्याच आवाजावर संसार केला. आम्ही बाकीचे थोर साहित्यिक होणार होतो. मी शाळेत शिकवलं, आणि आमच्यातला सगळ्यात जहाल कवी वर्तमानपत्राची मुद्रितं तपासत म्हातारा झाला. असो.

गेल्या वर्षी भोंग्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला. मी आणि मुद्रितशोधक त्याला भेटायला गेलो. वहिनी चहा करायला आत गेल्या, तसा भोंग्याने खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. वर नाव नव्हतं, पण अक्षर त्याचंच. त्याने "वाच" अशी खूण केली.

मी मोठ्याने वाचली. शेवटची गाडी गेल्यावर रिकाम्या पडलेल्या फलाटाची कविता होती. गळ्याला पट्टी बांधलेला मित्र समोर बसलेला. बोलणार तरी काय?

"छान आहे रे," मुद्रितशोधक म्हणाला.

"फार छान," मीही मान डोलावली.

भोंग्याचा चेहरा उतरला. कागद परत घ्यायला त्याने हात पुढे केला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचाच संताप आला. इतकी वर्षं आमची ओझी वाहून हा एकदा आमच्यात बसायला आला होता, आणि आम्ही त्याला पाहुणा करून टाकलं.

मी कागद दिला नाही.

"या शेवटच्या ओळी कशाला?" मी म्हटलं. "गाडी गेली ना? मग फलाटावर रडत काय बसलायस? काप त्या."

"आणि 'उदास' दोनदा आलंय," मुद्रितशोधकाला चेव चढला. "फलाट कधी उदास असतो का रे?"

भोंगा ताडकन उठला आणि जोरजोरात हातवारे करायला लागला.

"खाली बस," मी म्हटलं. "लिहिणाऱ्याने बोलायचं नाही."

दारात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी जागच्या जागी थबकल्या. मुद्रितशोधकाने मान खाली घातली. भोंगा माझ्याकडे बघत राहिला. मग गुपचूप खाली बसला, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. खांदे नुसते गदगदत होते.

चहा गार झाला. आम्ही अंधार पडेपर्यंत त्याच्या कवितेची पिसं काढत बसलो.