जंभेरीचा फुटवा

चांदूर बाजारची आमची शेजारीण शकुन तोंडानं तिखट, पण झाडापुढं अगदी लोणी. तिचे मालक केशवराव संत्र्याच्या फांदीवरचा कोंबाचा डोळा काढून जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर पट्टीनं बांधत. कलमं करायचा धंदाच तो. शेवटचा डोळा त्यांनी अंगणातल्या रोपावर बांधला अन् आठवड्यानं गेले. तवापासून शकुन त्या रोपाले कोणाले हात लावू देत नव्हती.

एक दिवस पट्टीच्या खालून जोमदार काटेरी फुटवा निघाला. शकुननं आनंदानं पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. तिची सून रागिणी रोपवाटिकेत कामाले जाते. ती म्हणाली, "आत्याबाई, हा संत्र्याचा नाही, खालच्या जंभेरीचा हाये. सारा रस हाच पिऊन राहिला. नाही कापला तर मामाजीनं बांधलेला डोळा वाळून जाईन."

"सासऱ्याच्या झाडाले कैची लावतं का वं?"

"त्यायचंच झाड वाचवून राहिली ना मी!"

शकुननं वाकून पट्टीखालचा फुटवा निरखला. मग स्वतःच कैची आणून तिनं तो फुटवा बुडापासून कापला.

पुढं पट्टीच्या वरचा डोळा फुगला, त्यातून पोपटी पान निघालं. आता शकुन रोज सकाळी चष्मा लावून खोड तपासते, अन् खाली हिरवं टोक दिसलं की सुनेची वाट न पाहता खुडून टाकते.