शाई माझी, तळं तिचं

आमच्या उद्यान विभागात फायलींपेक्षा किस्से जास्त साठत. फाईल निदान वर्षाखेरीस लाल फडक्यात बांधून माळ्यावर टाकता येते. किस्सा मात्र चार माणसं चहाला बसली की पुन्हा उघडतो, आणि दर वेळी त्यात एखादं पान वाढलेलं असतं. मी सांगतेय त्यात पान वाढवलेलं नाही. उलट एकदोन ठिकाणी माझं वागणं जरा कमी करून सांगितलंय, हे आधीच कबूल करते.

नगरपालिका कुठली ते सांगत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधली, एवढं पुरे. एरंडोलच्या अलीकडे की पलीकडे, तेही विचारू नका. आमचे विभागप्रमुख चौधरी साहेब हयात आहेत आणि त्यांना छापलेलं सगळं वाचायची सवय आहे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गावात रंगीत टीव्ही आले होते आणि नगरपालिकेला बागा करायची हौस आली होती.

विभाग म्हणजे स्टोअररूमच्या मागची एक खोली. दोन टेबलं, एक पंखा. एका टेबलावर मी, बी.एस्सी. झालेली. दुसऱ्यावर रेखा भामरे, धुळ्याची, सिव्हिलचा डिप्लोमा. दोघी एकोणनव्वद दिवसांच्या ऑर्डरवर. नव्वदाव्या दिवशी घरी बसायचं आणि एक्याण्णवाव्या दिवशी नवी ऑर्डर घ्यायची. येत्या बजेटमध्ये उद्यान सहायकाचं एक पद कायम होणार होतं. पद एक, मुली दोन.

माझ्या वडिलांनी सोनगीरहून स्वच्छ कळवलं होतं, "मार्चपर्यंत कायम झालीस तर ठीक. नाहीतर सामान घेऊन ये, दोन स्थळं थांबवून ठेवली आहेत."

रेखाला असं कुणी काही कळवत नसे. शिवाय पंखा तिच्या टेबलावर होता.

*

मला दचकायची सवय लहानपणापासून. दार आपटलं, फोन वाजला, कुणी मागून "ताई" म्हटलं, की हातातलं खाली. पहिल्याच आठवड्यात बागेत पाण्याचा पाईप पायाला लागला आणि मी ओरडून बाकावर चढले. आमचे मुकादम धोंडू आबा शांतपणे पाईप उचलून दाखवायला आले. "ताई, घाबरू नको. पाईप शे, साप नही."

त्याच बागेत पुढच्याच आठवड्यात खराखुरा साप निघाला. रेखा नकाशावर मोजमाप टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, त्याला जाऊ द्या आधी, मग टेपचं दुसरं टोक धरा."

ऑफिसात हे आबांनीच सांगितलं. साहेब दिवसभर येईल त्याला ऐकवत होते. माझ्या पाईपची गोष्टही ऐकवत होते, पण ती नंतर, जोडीला.

*

आता तळ्याचं. मोठ्या बागेचा आराखडा ट्रेसिंग पेपरवर रेखानं काढलेला. झाडांच्या जागा मी दाखवायच्या. हिरवी शाई संपली होती म्हणून निळी घेतली. तेवढ्यात साहेबांनी आतून घंटी वाजवली. घंटी शिपायासाठी होती, पण दचकले मी. दौत आडवी. बरोबर बागेच्या मधोमध, ताटाएवढा निळा डाग.

मी रडायच्या बेतात, आणि दारात बाग समिती हजर. समिती म्हणजे मुख्यतः दोन नगरसेवक. वॉर्ड पाचचे वसंतभाऊ, केळीचे बागायतदार. वॉर्ड सातच्या अक्का, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून शाळेतच राहिलेला. भाऊ ज्याला हो म्हणतील त्याला अक्का नाही म्हणत. नकाशा दोघांनीही उलटसुलट करून पाहिला.

"हे निळं काय शे?" भाऊंनी विचारलं.

मी दौत टेबलाखाली सरकवली. रेखा म्हणाली, "तळं, भाऊ. बोटिंगसाठी."

दोघांनी नकाशा पुन्हा फिरवला. मग अक्का म्हणाल्या, "जळगावला असं आहे का?"

"नाही."

"धुळ्याला?"

"नाही."

"मग घ्या." समितीच्या इतिहासात दोघांचं एकमत झालेला तो पहिला ठराव.

धोंडू आबांनी एवढंच विचारलं, "आठे झाडेसले पानी नही, नि बोट कसावर चालाडशात?" त्यांचं कोण ऐकतं. खड्डा खणला गेला. त्यात पाणी आलं नाही. पण पोरांनी तळात स्टंप रोवले, चारी बाजूंच्या उतारावर लोक बसून मॅच बघायला लागले, आणि वर्षभरात भाऊ त्याला भाषणात स्टेडियम म्हणायला लागले. स्टेडियमची कल्पना कुणाची? भामरे मॅडमची.

शाई माझी होती. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायचं तर आधी दौत सांडल्याचं सांगावं लागतं.

*

आमच्या बजेटची एक रीत होती. सुधारणांची यादी गरजेवरून होत नसे, शेजारच्या वॉर्डवरून होत असे. वॉर्ड पाचला आठ फुटी घसरगुंडी लिहिली की अक्कांच्या वॉर्ड सातला नऊ फुटी लिहावी लागे. ते भाऊंना कळे आणि पाचची दहा होई. साहेब खोडरबर घेऊनच बसत.

त्या वर्षी आकडा अकरावर थांबला, तोही भाऊ लग्नाला एरंडोलला गेले म्हणून. घसरगुंडी अक्कांच्या वॉर्डात आली. बाग केवढी, तर दोन बैलगाड्या वळतील एवढी. जिना आत बसला. घसरायची बाजू बसेना, म्हणून कंत्राटदारानं कुंपणाचा तुकडा काढून ती बाहेर सोडली.

उद्घाटनाला अक्कांचा नातू वर चढला आणि सुर्रकन खाली आला, तो थेट रसवंतीच्या गाडीपाशी.

धोंडू आबा म्हणाले, "भारी शे. पोर बागमा चढस नि रस्तावर उतरस."

साहेबांनी रेखाला घाईघाईनं बोलावलं. तिनं पाहिलं, कुंपण तेवढंच बाहेर सरकवून आखलं, आणि रसवंतीवाल्याला विनंती करून समोरच्या लिंबाखाली हलवलं. त्यानं हलता हलता तिला ग्लासभर रस दिला. मीही तिथंच उभी होते. मला विचारलंसुद्धा नाही.

*

मग मी ठरवलं, आपलं शास्त्र दाखवायचं. झाडांच्या खरेदीच्या याद्या करायच्या होत्या. वॉर्ड पाचची यादी रेखाकडे, सातची माझ्याकडे. मी तीन संध्याकाळी बसून प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव काढलं, तेही देवनागरीत, सुवाच्य. रेखानं पाच मिनिटांत लिहिलं: कडुनिंब, बहावा, करंज.

समितीत दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. वसंतभाऊंनी आधी आपली वाचली, मग अक्कांची. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"साहेब, हा कोणता न्याय? सात नंबरला अझाडिरेक्टा इंडिका आणि आम्हाला कडुनिंब?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी उठून सांगितलं की भाऊ, झाड तेच आहे. भाऊंना ते पटेना. त्यांना वाटलं, अक्कांनी मला शिकवून ठेवलंय. अक्का म्हणाल्या, "तेच असेल तर माझंही कडुनिंब करा. मला फसवताय की काय?" आता दोघंही माझ्यावर.

धोंडू आबा खिडकीतून बघत होते. "बठ्ठा निंबच शेतस, ताई," ते म्हणाले, "कागदवर काय बी लिखा."

शेवटी रेखानं दोन्ही याद्यांत दोन्ही नावं लिहून दिली. दोघंही खूश. साहेब म्हणाले, "भामरे, तुमचं वनस्पतिशास्त्र चांगलं आहे हो."

त्या दिवशी मी जेवले नाही. डबा तसाच घरी नेला.

*

जानेवारीत समिती दुसऱ्या गावांच्या बागा बघायला निघाली. जीपमधून, धुळ्याला. म्हणजे रेखाच्या माहेरात. माहेरच म्हणायचं, कारण तिथं तिला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ओळखत होता आणि तिच्या आईनं सगळ्यांसाठी शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. अक्कांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि तिच्या आईला "बाई, पोरगी सोन्यासारखी आहे" म्हणाल्या. मी पाणी पीत होते. ठसका लागला. सगळ्यांना वाटलं, शेवभाजी तिखट होती.

जेवणानंतर बागेत गेलो. प्रत्येकानं एकेका सोयीचा अभ्यास करून अहवाल द्यायचा होता. भाऊंच्या वाट्याला बसायची सोय आली. ते झाडाखालच्या बाकावर बसले, मग टेकले, मग आडवे झाले. तासाभरानं आम्ही त्यांना उठवलं.

त्यांचा अहवाल बजेटला जोडलेला आहे, कुणीही बघावा. एकच वाक्य आहे: "बाकाची लांबी पुरेशी असून उपयुक्तता प्रत्यक्ष तपासली."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये साहेब पुढून म्हणाले, "कायम पदाचं मी अजून ठरवलेलं नाही." कुणी विचारलंही नव्हतं. रेखा खिडकीबाहेर बघत होती. मी पारोळा येईपर्यंत श्वास मोजत होते.

*

आता शेवटचा.

बजेट मंजुरीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. साहेब जळगावला मीटिंगला गेलेले. स्टेन्सिल टाइप करायचं काम रेखाकडे, कारण ती दहा बोटांनी टाइप करते आणि मी दोन. तिनं शेवटचं पान माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "एक ओळ राहिलीय, तेवढी टाकून ठेव. मी पोस्टात जाऊन येते."

पान आमचंच होतं. उद्यान सहायक, एक पद, कायम. शैक्षणिक पात्रता, आणि पुढं काही नाही. साहेबांचा कच्चा मसुदा काढून पाहिला. त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "पात्रता तुम्ही दोघींनी बसून ठरवा, भांडू नका."

दोघी कुठल्या, मी एकटीच बसले होते. डिप्लोमा लिहिला की मी सोनगीरला. माझी पदवी लिहिली की रेखा गेली. "किंवा" लिहून दोन्ही टाकता आलं असतं. ते मला सुचलं, हे लपवत नाही. मग मला साप आठवला, तळं आठवलं, शेवभाजी आठवली. मी दोन बोटांनी टाइप केलं: "वनस्पतिशास्त्र विषयासह बी.एस्सी."

शेवटचं टिंब मारलं आणि मागून आवाज आला, "झालं?"

मी एवढी दचकले की खुर्ची भिंतीला लागली.

"झालं."

"दे, मशीनवर चढवते."

सायक्लोस्टाइलचं हँडल तिनंच फिरवलं. चाळीस प्रती. एकेक कागद बाहेर यायचा, ती उचलायची, नीट करायची, गठ्ठ्यावर ठेवायची. ती ओळ चाळीस वेळा तिच्या डोळ्यांसमोरून गेली. चेहऱ्यावर काही नाही. मी गठ्ठ्याला दोरा बांधत होते आणि गाठ बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सभा. आम्ही दोघी मागच्या भिंतीशी. साहेबांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता थोडे थांबले. अक्का लगेच उभ्या राहिल्या. "पदवीच का? डिप्लोमा का नको? त्या भामरेचं काय?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता इथंच सगळ्यांसमोर विचारणार, हे कुणी टाइप केलं. रेखा उभी राहिली.

"झाडांचं काम आहे, अक्का. झाडं कळणारी पाहिजे. हिला कळतात."

पद मंजूर. भाऊंनी टेबल वाजवलं, कारण अक्का हरल्या होत्या.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. माफी मागायची की आभार मानायचे, ठरत नव्हतं. "रेखा, ती ओळ..."

"ती मी मुद्दाम रिकामी ठेवली होती," ती म्हणाली. "तुझ्या पदवीचं नाव कसं लिहितात मला नक्की माहीत नव्हतं. माझ्याकडून चुकीचं पडलं असतं तर नेमणुकीच्या वेळी तुलाच अडचण आली असती."

"आणि तू?"

"मला गेल्या आठवड्यात जळगावची ऑर्डर आली. कायम. आराखड्यांचंच काम आहे, मोठा ड्रॉइंग हॉल आहे. तिथंच पिंप्राळ्याला मावशीकडे राहीन." तिनं माझा हात हातात घेतला. "तू कायम झालीस, फार बरं वाटलं बघ."

मला घरी तार करायची होती. ऑफिससाठी पेढे आणायचे होते. धोंडू आबा खालून हात जोडून "ताई, ताई" करत होते. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि विचारलं, "तिकडे अजून एखादी जागा निघणार आहे का?"