कैरीची फोड आणि रिकामी जागा

मित्रांनो, आज दुपारी भामरागडजवळ, स्वराज्य मिळाल्यावर निघालेल्या नव्या शाळेत वसंत ऋतूचा धडा पाहिला. गुरुजींनी कैरीच्या फोडी वाटल्या. "खा आणि चव सांगा."

वर्गातली एकुलती एक मुलगी, सोमी, उभी राहिली. "गुरुजी, गावाची आंब्याची पूजा झाली नाई. त्याच्या आधी आमी खात नाई."

"मंग जा, तुह्या देवाजवळच शीक!"

पोरींना शाळेत पाठवा म्हणून गावोगाव भाषणं देणारा मी मध्ये पडलो. गुरुजी हसले. "भाऊ, तुमी भाषण करा, वर्ग मले सांभाळू द्या."

सोमीने फोड टेबलावर ठेवली, पाटी उचलली आणि घरचा रस्ता धरला. बाकीच्या पोरांनी माना खाली घालून कैरी खाल्ली.

गावाचा नेम मोडल्याशिवाय जिथे बसता येत नाही, त्या शाळेत पोरीला परत पाठवा, असं तिच्या आईला कोणत्या तोंडाने सांगू?