वर्गमुळासाठी सोडलेली जागा

मी हसनाबादला गणित शिकवतो. परीक्षेचा पेपर हातानं लिहायचा, नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर टायपिंगच्या दुकानात द्यायचा आणि दुकान चालवणाऱ्या बाईंना बजावायचं, "चिन्हांची जागा सोडा आपा, मी भरतो." सगळेच त्यांना आपा म्हणतात. मंग घरी बसून वर्गमूळ, पाय, थीटा काळ्या पेनानं एकेक काढायचं, अन् झेरॉक्स. वीस वर्षं हेच.

मागच्या वर्षीपासून माझा हात थरथरायला लागला. सहामाहीला पायचं चिन्ह असं वाकडं उमटलं की नववीच्या पोरांनी त्याला इंग्रजी एन समजून गणितं सोडवली. मुख्याध्यापक नरमाईनंच म्हणाले, "सर, पुढचा पेपर असाच आला तर दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल." राग त्यांचा न्हाई, माझ्या हाताचा आला. पेपर काढणं ही माझी एकुलती एक ऐट होती हो!

दुकानात गेलो अन् तो राग आपांवर काढला. "एवढं मोठं मशीन, त्याला साधं वर्गमूळ येत न्हाई?"

"बिलकुल येतं, सर. तुम्हीच जागा सोडा म्हणायचे. गणिताच्या सरांना आम्ही काय सांगायचं?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा, तोही वीस वर्षं! गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी आपांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. वर्डमध्ये आल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबलं, चौकट उघडली. त्यात उलटी तिरपी रेघ, पुढं इंग्रजीत एसक्यूआरटी, मंग दोनदा स्पेस, की छप्परासकट वर्गमूळ हजर. एक्सेलमध्ये आल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांवर २५१. मी दोनदा चुकलो. "जल्दी नका करू, सर," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा बोट थरथरलं, पण वर्गमूळ सरळ आलं.

वार्षिक परीक्षेचा पेपर मी आपांच्या दुकानात बसून स्वतः टाइप केला. एरवी माझ्या पेपरला पहिला अर्धा तास "सर, हे काय काढलंय?" यातच जायचा. त्या दिवशी एकही हात वर झाला न्हाई. पोरं खाली मान घालून लिहीत होती. मी खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले. जाताना मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या वर्षीही तुम्हीच काढा."

संध्याकाळी आपांना फोन केला. "आपा, एकाही पोरानं काही विचारलं न्हाई."

"म्हणजे पेपर बराबर आला ना?"

"बराबर. तुमच्यामुळं तो माझ्याकडंच राहिला," म्हणालो.