न तापवलेलं दूध

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. पण आधी मला तो आनंद सांगू द्या. खोट त्या आनंदातच होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहत होतो आणि मी साथीच्या रोगांवर संशोधन करत होते. जवळच्या एका गावात शतकाच्या सुरुवातीला टायफॉइडची साथ येऊन गेली होती. मुलंबाळं दगावली, पण साथ आली कुठून? कुणालाच उमगलं नव्हतं — आणि मला उमगणार होतं! डायनिंग टेबलवर गावाचा नकाशा, आजारी घरांवर लाल टाचण्या. आम्ही जेवायचो गालिच्यावर. काय दिवस होते ते! टाचणी टोचताना मी गाणं गुणगुणायचे.

दुधाचा संशय मी आधीच खोडला. दूध माणसं तापवूनच पितात ना? त्यात जंतू कसे टिकतील?

त्या गावात मार्थाआजी राहायच्या — माझी मुलगी त्यांना आजी म्हणे, म्हणून मीही. त्यांची आई, नोरा, तेव्हा खाणावळीत स्वयंपाक करायची आणि शेजारीपाजारी सूप पोचवायची. मार्थाआजी हे कौतुकानं सांगत होत्या, मला अॅपल पाय वाढत होत्या. आणि मी? खाणावळीतले आजारी, सूप गेलेली घरं आजारी — सापडलं! हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी, तशी मी.

गावच्या लायब्ररीत मी भाषण ठोकलं: साथ नोराच्या हातांतून पसरली. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून मार्थाआजी उठून निघून गेल्या. मी बोलतच राहिले.

पुढे माझा लेख छापून आला, त्यावर चांगली नोकरी मिळाली. मग एका सकाळी मुलीनं फ्रिजमधलं दूध तसंच ग्लासात ओतलं. मी ओरडले, "अगं, तापवून घे!"

"मॉम, नोबडी बॉइल्स मिल्क हिअर!"

मी धावतच नकाशापाशी गेले. त्या काळी तर डेअरीतही दूध तापवत नसत! जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं: सगळ्या टाचण्या एकाच गवळ्याच्या वाटेवर, खाणावळसुद्धा. आणि नोरा सूप घेऊन गेली ती घरं आजारी होती म्हणूनच ना गेली? खरं सांगू — मला नाचावंसं वाटलं. कोडं आत्ता सुटलं होतं!

पण सांगायचं कुणाला? दूध तापवायच्या सवयीपायी बाई फसली, म्हणून लोक हसले असते. हसण्याला मी भ्याले.

त्याच आठवड्यात मार्थाआजींचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"माझा धाकटा भाऊ त्या साथीत गेला. तो आईच्या हातून गेला — नक्की?"

मला उत्तर ठाऊक होतं. मी म्हणाले, "हो, नक्की."

त्यांनी माझे आभार मानले.

पुढच्या हिवाळ्यात त्या वारल्या. आईशेजारी त्यांच्यासाठी जागा राखलेली होती. तिथे मला पुरू नका, असं त्या सांगून गेल्या होत्या.